कार्ड घासताना होणारी विक्री

दोन वर्षांपूर्वी मी क्रिप्टोच्या शिलकीवर चालणारे कार्ड घेतले, तेव्हा माझी कल्पना अशी होती की वॉलेटमधली नाणी आता थेट दुकानात खर्च होतील. तसे काही होत नाही, हे मला पहिल्या परताव्याने शिकवले. मी बिटकॉइनच्या शिलकीतून घेतलेली एक वस्तू सदोष निघाली, विक्रेत्याने अकरा दिवसांनी पूर्ण रक्कम परत केली, आणि कार्डाच्या खात्यात जे जमा झाले ते नेहमीच्या चलनातले पैसे होते. मधल्या काळात बिटकॉइनचा भाव चढला होता. जेवढे बिटकॉइन माझ्याकडून गेले होते तेवढे त्या रकमेत आता मिळत नव्हते, आणि तरीही ना विक्रेत्याची काही चूक होती ना कार्ड कंपनीची. वस्तू परत गेली, पैसे परत आले, पण त्या खरेदीसाठी झालेली बिटकॉइनची विक्री मात्र तशीच उभी राहिली.

त्यानंतर मी या कार्डाची यंत्रणा नीट समजून घेतली. कार्डावर चिन्ह कोणतेही छापलेले असो, दुकानातल्या मशीनच्या दृष्टीने ते व्हिसा किंवा मास्टरकार्डचे साधे डेबिट अथवा प्रीपेड कार्ड असते. मशीनमधून निघालेली विचारणा विक्रेत्याच्या बँकेकडे जाते, तिथून कार्डच्या नेटवर्कमार्फत कार्ड जारी करणाऱ्या बँकेकडे किंवा परवानाधारक संस्थेकडे पोहोचते, ती संस्था क्रिप्टो कंपनीला शिल्लक विचारते, आणि कंपनी त्या क्षणाच्या स्वतःच्या दराने आवश्यक तेवढी नाणी वळती करून होकार कळवते. हे सारे काही सेकंदांत आटोपते. विक्रेत्याला त्याच्या चलनातली रक्कम नेहमीच्या मुदतीत मिळते, आणि समोरच्या ग्राहकाने आत्ताच काही नाणी विकली आहेत याची त्याला कल्पनाही नसते. काही कार्डांत ही विक्री आधीच करावी लागते, म्हणजे ॲपमध्ये जाऊन नाणी विकायची, कार्डात चलनाचा टॉप-अप करायचा आणि मग खर्च करायचा. मला सुरुवातीला ही दुसरी पद्धत गैरसोयीची वाटत होती. आता मी तीच पसंत करतो, कारण तिच्यात विक्रीची वेळ आणि दर हे दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर असतात.

या रचनेचा एक फायदा मात्र मनापासून मान्य करायला हवा. ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीवर, एकदा पाठवलेले नाणे परत मागता येत नाही; पाठवणारा चुकला तरी आणि घेणारा अप्रामाणिक निघाला तरी. कार्डाने दिलेल्या पैशांच्या बाबतीत नेटवर्कची तक्रार-प्रक्रिया उपलब्ध राहते, त्यामुळे वस्तू पोहोचलीच नाही किंवा एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले गेले, तर रक्कम परत मिळवण्याचा मार्ग असतो. ज्या गुणासाठी क्रिप्टोकरन्सी जन्माला आली त्याच्या अगदी उलट असा हा गुण आहे, आणि रोजच्या खरेदीसाठी मला तोच अधिक मोलाचा वाटतो.

आता विक्रीचा परिणाम पाहू. अमेरिकेच्या कर खात्याने २०१४ मध्ये काढलेल्या सूचनेत क्रिप्टोकरन्सीला चलन न मानता मालमत्ता मानले, आणि त्यामुळे तिथे कार्डातून केलेली प्रत्येक खरेदी ही त्या मालमत्तेची विल्हेवाट ठरते: नाणे कोणत्या भावाने घेतले होते आणि खर्च करताना त्याचा भाव काय होता, यांतला फरक म्हणजे नफा किंवा तोटा. जर्मनीत खासगी व्यक्तीने एक वर्षाहून अधिक काळ बाळगलेली नाणी विकली तर त्या नफ्यावर सर्वसाधारणपणे कर लागत नाही, त्यामुळे तिथल्या माणसाने कोणते नाणे आधी खर्च करायचे याला अर्थ येतो. प्रत्येक देशाचा नियम निराळा आहे आणि तो आपापल्या सल्लागाराकडून समजून घेतलाच पाहिजे, पण खरेदी हीच विक्री आहे हा मुद्दा अनेक देशांच्या कायद्यांत या ना त्या रूपात येतो. मी पहिले चार महिने बिटकॉइन थेट कार्डाला जोडून ठेवले होते. वर्षअखेर हिशेब करायला बसलो तेव्हा शंभराहून अधिक छोट्या-छोट्या विक्रींची यादी समोर आली. प्रत्येकीची तारीख, नाण्याचा आठ दशांश स्थळांपर्यंतचा तुकडा, त्या वेळचा दर, आणि तो तुकडा मूळच्या कोणत्या खरेदीतला होता याचा शोध. ॲपमधून उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये खर्चाची रक्कम होती, पण वळती करतानाचा दर वेगळ्या रकान्यात नव्हता. तो मला रकमेला नाण्यांच्या संख्येने भागून एकेका ओळीसाठी काढावा लागला. त्या कामात तीन सुट्ट्या गेल्या आणि हिशेबातून निघालेला एकूण नफा अगदीच किरकोळ होता.

म्हणून मी स्टेबलकॉइनकडे वळलो. डॉलरशी किंवा युरोशी मूल्य बांधलेल्या या नाण्यांत भावाचा फरक जवळपास नसल्याने प्रत्येक खरेदीचा नफा-तोटा शून्याच्या आसपास राहतो. नोंद ठेवावी लागतेच, पण ती डोकेदुखी होत नाही. शिवाय मन शांत राहते, हे मी तितकेच महत्त्वाचे मानतो. बिटकॉइनमधून खर्च करताना भाव वर जात असेल तर खर्च केल्याची हळहळ वाटते आणि खाली जात असेल तर आधीच का नाही खर्च केला असे वाटते. घरखर्चाला अशा मनःस्थितीची जोड नसावी.

स्टेबलकॉइन म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, याची आठवणही ठेवायला हवी. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी या नाण्यामागच्या राखीव निधीतले ३.३ अब्ज डॉलर त्या बँकेत अडकले असल्याचे ते नाणे काढणाऱ्या सर्कल या कंपनीने जाहीर केले, आणि ११ मार्चला त्या नाण्याचा भाव काही बाजारांत ८८ सेंटच्याही खाली गेला. ठेवीदारांचे सर्व पैसे मिळतील असे अमेरिकी सरकारने सांगितल्यावर दोन-तीन दिवसांत भाव पूर्ववत झाला. ज्याने त्या शनिवार-रविवारी काही खरेदी केली नाही त्याचे नुकसान झाले नाही. पण ज्याचा सारा महिन्याचा खर्च त्याच एका शिलकीतून चालत असेल त्याला थांबण्याची मुभा नसते. मे २०२२ मध्ये कोसळलेल्या टेरायूएसडी या स्टेबलकॉइनमागे तर डॉलरचा निधीच नव्हता, ते दुसऱ्या नाण्याच्या आधारावर उभे होते, आणि ते पुन्हा सावरले नाही. स्टेबलकॉइन मात्र दोन्हींना म्हटले जात होते, म्हणून नाण्यामागे काय ठेवले आहे ते विचारावे.

खर्चाच्या बाजूला जाहिरातीत सर्वांत कमी उल्लेख असतो तो स्प्रेडचा. कंपनी ज्या दराने आपले नाणे घेते तो बाजारभावापेक्षा थोडा खाली असतो, आणि हा फरक शुल्क म्हणून कुठेही दिसत नाही. शून्य शुल्क असे लिहिलेल्या कार्डावर मी एक महिनाभर प्रत्येक खरेदीच्या क्षणी खुल्या बाजारातला भाव टिपून ठेवला. फरक दर वेळी निघाला आणि अस्थिर नाण्यांवर तो अधिक होता. त्याखेरीज नाणी वॉलेटमधून कार्डच्या खात्यात पाठवताना ब्लॉकचेनच्या नेटवर्कची फी लागते. इथरियम या ब्लॉकचेनच्या मुख्य साखळीवर गर्दीच्या वेळी ही गॅस फी इतकी वाढते की छोटा टॉप-अप करण्यात अर्थ उरत नाही, तर तेच नाणे एखाद्या दुय्यम साखळीवरून नगण्य खर्चात जाते. मात्र समोरचे खाते ती साखळी स्वीकारते की नाही हे पाठवण्यापूर्वी पाहावे लागते, कारण चुकीच्या नेटवर्कवरून पाठवलेली नाणी परत मिळतीलच असे नाही. मी नव्या पत्त्यावर आधी अगदी लहान रक्कम पाठवतो, ती पोहोचल्याची खात्री करतो आणि मगच उरलेली पाठवतो. परदेशी चलनात पैसे देताना मशीनने आपल्या कार्डाच्या चलनात रक्कम घेऊ का असे विचारले तर मी नाही म्हणतो, कारण त्या होकाराने विक्रेत्याच्या बाजूचा महाग दर लागू होतो आणि स्प्रेडच्या वर आणखी एक कात्री लागते.

हे सगळे खर्च बेरजेत धरले की मग कॅशबॅककडे पाहावे. बहुतेक लोक हे कार्ड त्याच्यासाठीच घेतात, मीही त्यासाठीच घेतले होते, आणि म्हणून या प्रश्नावर मी सर्वांत जास्त विचार केला आहे: हे पैसे येतात कुठून? साध्या कार्डांच्या बाबतीत उत्तर ठाऊक आहे. विक्रेत्याची बँक प्रत्येक व्यवहारामागे कार्ड जारी करणाऱ्या बँकेला इंटरचेंज शुल्क देते आणि त्यातला वाटा ग्राहकाला बक्षीस म्हणून मिळतो. पण युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या डेबिट कार्डांवरचे इंटरचेंज ०.२ टक्क्यावर आणि क्रेडिट कार्डांवरचे ०.३ टक्क्यावर रोखले आहे. तिथे दोन, तीन किंवा पाच टक्के कॅशबॅक देणारे डेबिट कार्ड इंटरचेंजवर चालू शकत नाही, हे साध्या गणितानेही दिसते. उरलेला भाग स्प्रेडमधून येतो, नवे ग्राहक मिळवण्यासाठी राखलेल्या पैशांतून येतो, किंवा कंपनी स्वतःच निर्माण करते त्या टोकनमधून, म्हणजे तिच्या स्वतःच्या नाण्यातून, येतो. तिसरा मार्ग सर्वांत उदार दिसतो, कारण कंपनीला ते टोकन देताना तिजोरीतून रोकड काढावी लागत नाही. त्याला किंमत येते ती ते विकत घेणारा कोणीतरी बाजारात असतो म्हणून.

याच टोकनशी दुसरी अट जोडलेली असते: जास्त टक्के हवे असतील तर कंपनीचे टोकन ठरावीक संख्येने विकत घेऊन सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ अडकवून ठेवा. क्रिप्टो.कॉमच्या वरच्या श्रेणीचे कार्ड एकेकाळी आठ टक्के कॅशबॅक देत असे, आणि त्यासाठी चार लाख डॉलर किमतीचे सीआरओ टोकन गुंतवावे लागत. १ मे २०२२ रोजी त्या कंपनीने बक्षिसांत मोठी कपात जाहीर केली, टोकनचा भाव घसरला, ग्राहकांच्या रोषानंतर काही दर थोडे सैल करण्यात आले. पण ज्यांची टोकन अडकलेली होती त्यांच्या हातात त्या दिवसांत फारसे काही नव्हते. माझा स्वतःचा अनुभव दुसऱ्या एका कंपनीचा आहे आणि रक्कम खूपच लहान होती, तरी धडा तोच. मी सहा महिन्यांसाठी टोकन ठेवले, त्या काळात दोन टक्के कॅशबॅक नियमित मिळाला, आणि मुदत संपली तेव्हा ठेवलेल्या टोकनच्या किमतीतली घट ही मिळालेल्या सगळ्या कॅशबॅकच्या कितीतरी पट होती. कॅशबॅकही त्याच टोकनमध्ये असल्याने तोही सोबत आक्रसला होता. बक्षिसासाठी आधी गुंतवणूक करावी लागत असेल तर ती गुंतवणूक बक्षिसाविना केली असती का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. आता तो पहिला विचारतो आणि आजवर एकदाही त्याचे उत्तर होकारार्थी आलेले नाही.

बक्षिसाच्या अटींत वगळलेले व्यवहारही असतात. कर, वीजबिल, भाडे, वॉलेट भरणे, पैसे पाठवणे अशा नोंदींना विक्रेत्याच्या वर्गवारीच्या संकेतांकावरून बाजूला काढले जाते, आणि महिन्याची कमाल मर्यादा वेगळी असते. आपला नेहमीचा खर्च ज्या प्रकारांत जातो ते प्रकार वगळलेले असतील, तर वरच्या टक्केवारीला काही अर्थ राहत नाही.

आणखी एका बाबतीत नवख्या माणसाने सावध राहावे असे मला कळकळीने वाटते. हॉटेल, भाड्याची गाडी, पेट्रोल पंप अशा ठिकाणी अंतिम रकमेआधी अंदाजे रक्कम रोखून धरली जाते. साध्या खात्यात ही रक्कम काही दिवस अडकते आणि उरलेली मोकळी होते. क्रिप्टोच्या शिलकीवर थेट चालणाऱ्या कार्डात रोखण्याच्या क्षणीच नाणी विकली जाऊ शकतात, आणि मग मोकळी झालेली रक्कम चलनात परत येते. मी एका प्रवासात असा अनुभव घेतला: प्रत्यक्ष बिलापेक्षा बऱ्याच मोठ्या रकमेची नाणी विकली गेली आणि जास्तीचे पैसे नऊ दिवसांनी परत आले. अशा जागी मी आता हे कार्ड देतच नाही.

पैसे नेमके कोणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न बक्षिसापेक्षा कितीतरी मोठा आहे. या कार्डांत मधल्या संस्थांची साखळी लांब असते आणि कोणताही दुवा तुटला तरी कार्ड बंद पडते. ५ जानेवारी २०१८ ला व्हिसाने जिब्राल्टरच्या वेव्हक्रेस्ट या कार्ड जारी करणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व नियमभंगाच्या कारणाने संपवले आणि तिच्यामार्फत निघालेली अनेक कंपन्यांची क्रिप्टो कार्डे एकाच वेळी थांबली. जून २०२० मध्ये वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीच्या हिशेबातले १.९ अब्ज युरो अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले, तेव्हा ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने कार्डे जारी करणाऱ्या तिच्या तिथल्या उपकंपनीचे व्यवहार काही दिवस रोखले. त्या दिवसांत क्रिप्टोशी संबंध नसलेल्या कार्डांचे ग्राहकही अडकले होते, म्हणजे दोष नाण्यांचा नव्हता, मधल्या दुव्याचा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मात्र दोष थेट ग्राहकांची नाणी ताब्यात ठेवणाऱ्यांचाच होता: एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज कोसळले, त्यापाठोपाठ क्रिप्टोवर कर्ज देणाऱ्या ब्लॉकफायने पैसे काढणे थांबवले आणि २८ तारखेला दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्लॉकफायचे क्रेडिट कार्ड खरेदीवर बिटकॉइन देत असे. ते बिटकॉइन ज्यांनी स्वतःच्या वॉलेटमध्ये वेळेवर नेले नव्हते, त्यांचे बक्षीसही कंपनीबरोबर अडकले. बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजचे कार्ड युरोपात २० डिसेंबर २०२३ ला बंद झाले, पण ते आधी सूचना देऊन, त्यामुळे तिथे लोकांना आवराआवर करायला वेळ मिळाला.

अलीकडे नाणी स्वतःच्याच वॉलेटमध्ये ठेवून खर्च करू देणारी कार्डे आली आहेत. २०२३ मध्ये जाहीर झालेले नोसिस पे आणि २०२४ मध्ये मास्टरकार्डच्या नेटवर्कवर प्रायोगिक रूपात आलेले मेटामास्क कार्ड ही त्याची उदाहरणे. यांत खर्चाच्या क्षणापर्यंत किल्ली, म्हणजे वॉलेट उघडणारा गुप्त संकेत, मालकाकडे राहते आणि कार्डाला फक्त ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम उचलण्याची परवानगी दिलेली असते. मला ही दिशा योग्य वाटते. कंपनी बुडाली तर कार्ड बंद पडेल, पण शिल्लक आपल्याकडेच राहील. मात्र किल्ली हरवली तर दाद मागायला कोणी नाही, आणि परवानगी अमर्याद दिली तर स्वतःच्या ताब्याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून मर्यादा आठवड्याच्या खर्चाएवढीच ठेवावी.

नाणी न विकता ती तारण ठेवून खर्च करता येईल अशीही कार्डे आहेत. नेक्सो या क्रिप्टोवर कर्ज देणाऱ्या कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये मास्टरकार्डबरोबर असे कार्ड युरोपात आणले. विक्री टळते हे खरे, पण प्रत्येक खरेदी कर्ज होते, आणि भाव कोसळला तर तारण सर्वांत वाईट भावाला विकले जाते. रोजच्या किराणा सामानासाठी मी हा मार्ग घेणार नाही.

आज माझ्या कार्डात साधारण एका आठवड्याच्या खर्चाइतकेच स्टेबलकॉइन असते आणि दर रविवारी मी ते भरतो. बिटकॉइन वेगळ्या वॉलेटमध्ये आहे. त्याचा कार्डाशी संबंध मी पूर्ण तोडला आहे. कॅशबॅक म्हणून मिळणारे टोकन दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, भाव काहीही असला तरी, मी स्टेबलकॉइनमध्ये बदलतो आणि त्या दिवसाचा दर वहीत उतरवतो, कारण अनेक ठिकाणी बक्षिसाची किंमतही कराच्या हिशेबात विचारली जाऊ शकते. स्प्रेड, टॉप-अपची फी आणि कॅशबॅक हे तीन रकाने मी एकमेकांशेजारी ठेवले आहेत. गेल्या बारा महिन्यांत त्यांची वजाबाकी माझ्या बाजूने पडली ती खर्चाच्या अर्ध्या टक्क्याहून थोडी कमी. खिशात बँकेचे साधे कार्ड कायम असते, आणि परतावा मागण्याची शक्यता वाटणारी प्रत्येक मोठी खरेदी मी त्यावरच करतो.